मटारामागचा डबा

दर रविवारी मी स्कोन भाजते. बन आणि नानकटाई यांच्या मधलं काहीतरी, बाहेरून खरपूस, आत मऊ. गार झाले की निम्मे डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाकते. सात रस्ता चौकातलं ऑफिस वेळेवर गाठायचं असेल तर रोज सकाळी पीठ मळत बसणं जमत नाही, आणि त्याबद्दल मला कुणाचं ऐकूनही घ्यायचं नाही.

तरी मोडनिंबहून सासूबाई राहायला आल्या तेव्हा मी तो डबा मटाराच्या पिशव्यांमागे दडवला. शिळं कुणाच्या ताटात वाढायचं नाही, हा त्यांचा नियम. आपल्याच घरात मी चोरासारखी वागत होते आणि चिडत होते स्वतःवरच.

बुधवारी मला उठायला उशीर झाला. स्वयंपाकघरात जाऊन बघते तर मटार ओट्यावर, डबा उघडा, आणि सासूबाई पाण्याचा शिपका मारून, तव्यावर झाकण ठेवून स्कोन गरम करताहेत. घरभर लोण्याचा वास.

"आई, ते रविवारचे आहेत," मी कसंबसं म्हणाले.

"व्हय, बर्फ दिसला की मला." त्यांनी दोन स्कोन माझ्या ताटात वाढले, शेजारी शेंगाची चटणी. "कडक भाकरी आमी म्हैनाम्हैना ठेवतो, तिला कोन शिळी म्हनतंय?"

मी खुर्चीत बसले. आठवडाभर आखडलेले खांदे आपोआप सैल पडले.

"उरलं ते शिळं," त्या म्हणाल्या. "हे तर तू राखून ठेवलंयस. खा."