शब्द बरोबर होता

भूत, चकवा, अंगात येणं… आमच्या घरात यातलं काहीच कुणी मानत नव्हतं. मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं. इथे लोकांनी लिहिलेले असले अनुभव वाचते, स्वतः लिहिलं मात्र कधी नव्हतं. परवा सून बँकेच्या ॲपवर चिडली — पासवर्ड टाकला तरी पुन्हा मोबाईलवर आलेला आकडा कशाला विचारतात म्हणून — आणि हे आठवलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता ते दिवस. बोरीजवळच्या एका गावात, बौद्धवस्तीत आमचं घर. आसपासच्या गावांतून घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिवसाही दार आतून लावून ठेवायला सांगितलं. बाहेरून येणाऱ्यानं ठरलेला शब्द सांगायचा, आणि शिवाय दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून हात दाखवायचा. शब्द कुणीही चोरून ऐकेल, आवाजही काढेल, पण हात कुठून आणेल, असं त्यांचं म्हणणं.

सगळेच वैतागायचे. काका तर ओरडायचे, "वैनी, डोक्यावर कडब्याची पेंडी हाय माज्या, हात कसा दावू?" आई म्हणायची, "घरच्यांचा आवाज वळखू येत न्हाई का मला?"

त्या दिवशी अण्णा आणि काका सकाळच्या एसटीनं सोनपेठकडे गेले, आत्याच्या मुलीच्या सोयरिकीसाठी. ते गेल्यावर बघते तर गल्लीतली लेकरं आमचा शब्द खेळात ओरडायलीत! आईनं कपाळाला हात लावला आणि माझ्या कानात नवा शब्द सांगितला — करडई. तो फक्त आम्हा दोघींना माहीत.

दुपारी आई तूर निवडत बसली होती. दारावर थाप पडली.

"उघड गं." अण्णांचा आवाज.

"इतक्यात आलात?" आई उठली. सवयीनं म्हणाली, "शब्द?"

"करडई."

आईचा हात कडीवर गेला. मी म्हणाले, "आई, हात…"

"अवो, हात दाखवा," ती कंटाळून म्हणाली.

हात आला नाही.

"उघड की. लय तहान लागली."

"दाखवा आधी, मग उघडते."

मग अगदी शांतपणे — "बरं. ऱ्हाऊ दे."

मी खिडकीतून पाहिलं. ओटा रिकामा. सरळ गल्ली शेवटपर्यंत रिकामी. आईनं दार उघडलं… बाहेर नुसतं ऊन.

दिवस मावळायच्या आधी काका आले. आईनं शब्द विचारला नाही, हात मागितला नाही. काकांनी चौकट धरली. "वैनी… जीप रस्त्यावर उभी हाय. दुपारी स्टँडवरच छातीत कळ आली. पाणी मागायलेत म्हणून आणायला गेलो, तवर…"

मला रडू आलं नाही. आईलाही नाही. तिनं तुरीचं सूप उचलून आत ठेवलं आणि जीपकडे चालू लागली.

गल्लीतल्या कुणी नक्कल केली असेल, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण नवा शब्द?

खूप नंतर, परभणीला माझ्या घरी आई राहायला आली तेव्हा एकदा विचारलं, "ते अण्णाच होते का गं?"

"दुसरं कोन असनार?"

"मग उघडलं का नाहीस?"

ती म्हणाली, "त्यांनीच सांगितलं हुतं ना, हात बघितल्याबिगर उघडायचं न्हाई म्हनून."