पश्चिमेची दोरी

माधवनगरच्या कापडगिरणीत इलाही मणेर सांच्यांना तेल घालायचा, पण त्याची खरी नोकरी रविवारची. फुटबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, दोन्ही टोकांना बांबू पुरायचे आणि बांबूंच्या खाचेत दोरी ताणून बांधायची. गोलाला लाकडी दांडा कुणी दिलाच नव्हता. दोरीखालून चेंडू गेला तर गोल, वरून गेला तर नाही. या कामासाठी त्याचं कुणी कौतुकही करत नसे, पण ताठा असा की दुसऱ्यानं पहारेला हात लावलेला खपत नसे. मोजायला काठीसुद्धा घ्यायचा नाही. माझ्या हातात माप आहे, म्हणायचा.

गोलकीपर अर्जुना जतकडचा, इलाहीच्याच खोलीत राहणारा. उंचापुरा, अबोल, आणि नजरेचा पक्का. दोरीवरून जाणाऱ्या चेंडूला तो हात म्हणून लावायचा नाही. "जातोय वर," म्हणायचा, आणि चेंडू वरच जायचा.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात साताऱ्याचा संघ आला. पहिल्याच डावात गिरणीच्या जोतिबानं मारलेला चेंडू पूर्वेच्या दोरीवरून गेला. रेफ्रीनं हात हलवला, गोल नाही. थोड्या वेळानं साताऱ्यानं अगदी तेवढ्याच उंचीचा चेंडू पश्चिमेला मारला. अर्जुनानं नुसती नजर टाकली आणि जागचा हलला नाही. चेंडू दोरीखालून गेला. शिट्टी वाजली. त्या एका गोलावर गिरणी हरली.

मग काय विचारता! पाळी सुटली की रोज फाटकाबाहेर कोर्ट भरायला लागलं.

"तितं न्हाई आन् हितं गोल? रेफ्रीला डोळं हायत का बटनं?" घडीखात्यातले नानासो गरजायचे.

"रेफ्रीचं ऱ्हाऊ द्या. मास्तरानं जोतिबाला माघारी कशापायी वढला? फुडं कोन मारनार हुता, मास्तराचा सासरा?"

मास्तर म्हणजे मागखात्याचा प्रमुख. संघ तोच निवडायचा. त्याच्या नावानं शिमगा झाला, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आन् अर्जुना? हात सुदिक वर केला न्हाई त्येनं. खाल्लं आसंल साताऱ्याचं."

हे बोलणं मात्र चिकटलं. मास्तरानं अर्जुनाला संघातून काढलं.

इलाही या सगळ्यात गप्प होता, कारण त्याला ठाऊक होतं. सामना संपल्यावर पश्चिमेचे दोन्ही बांबू एका हिसक्यात त्याच्या हातात आले होते. तिथं खाली मुरूम लागला होता, आणि ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून त्यानं खड्डे वीतभर कमीच खणले होते. दोरी वीतभर उंच राहिली होती. रेफ्री बरोबर होता, अर्जुनाही बरोबर होता. चुकला होता तो एकटा इलाही.

आठवड्यानं जेवताना अर्जुनानं विचारलं, "इलाहीभाई, दोरी तुमी बांदली. खरं सांगा, उंच व्हती का?"

"न्हाई रं. रोजच्याएवढीच व्हती."

अर्जुनानं मान हलवली आणि भाकरी मोडली. पुन्हा त्यानं कधी तो विषय काढला नाही. महिन्याभरात तो पलटणीत भरती झाला. इलाहीला वाटत होतं, लोक जरा निवळले की सांगू. किती रविवार गेले, सांगणं काही झालं नाही. भेकडपणा होता तो, दुसरं काही नाही.

वर्षभरानं आसामातून अर्जुनाचं इलाहीला पत्र आलं. नानासोंनी वाचून दाखवलं. 'पलटणीच्या संघात गोलकीपर आहे. इथं लाकडी दांडा आहे. आता येईल त्या चेंडूला उडी मारतो, नजरेवर भरवसा ठेवत नाही. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून चूक कळली, नाहीतर जन्मभर रेफ्रीलाच दोष देत बसलो असतो.'

त्यानंतर आली ती पलटणीची तार, आणि ती जतला, त्याच्या आईला.

साळूबाई लेकाची खोलीवर राहिलेली पेटी न्यायला माधवनगरला आली. इलाही तिच्यापुढं बसला आणि रडत रडत त्यानं सगळं सांगून टाकलं. ती पेटीवर हात ठेवून ऐकत राहिली.

"म्हंजे माझ्या पोराची नजर चांगली व्हती."

"व्हय, आई."

"मग ह्ये फाटकावर सांग. तितं त्येनं पैसं खाल्लं म्हनत्यात न्हवं?"

पाळी सुटायच्या वेळी इलाही फाटकासमोर उभा राहिला. "दोरी माझी उंच व्हती," तो ओरडून म्हणाला. "अर्जुना चुकला न्हाई. रेफ्रीबी चुकला न्हाई. मी चुकलो."

नानासोंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुजा लय जीव व्हता त्याच्यावर, आमाला कळतंय गड्या. पर त्याच्यापायी आसं सोताच्या अंगावर घिऊ नगंस."

"तर वो," जोतिबा म्हणाला, "रेफ्रीनं तवा माझा गोल दिला आसता तर..."

आणि वाद पुन्हा सुरू झाला.

इलाहीनं पेटी उचलली. दोघं स्टेशनवर आली. गाडी दिसायला लागली तेव्हा साळूबाईनं पेटी त्याच्याकडून घेतली.

"त्यो जित्ता आसता तर त्येनं तुजं खरं मानलं आसतं," ती म्हणाली.