जर्मन बाईंची तिसरी रेकॉर्ड

पेणला माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. नव्वदच्या दशकात रोह्याच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनियर आला होता. एक दिवस जीप घेऊन तो दुकानात आला आणि एक कॅसेट काउंटरवर ठेवली. पावसाळाभर कपाटात राहून फितीला बुरशी आली होती.

"आईची आहे," तो तुटक इंग्रजीत म्हणाला.

त्याची आई पियानो वाजवायची. तिकडे शहरोशहरी मैफली केल्या, दोन रेकॉर्डी निघाल्या. तिसरीचं वाजवून झालं आणि उजव्या हाताची बोटं आखडत गेली. ती रेकॉर्ड बाजारात आलीच नाही. मूळ फितीही हरवल्या. उरली एवढी कॅसेट, तीसुद्धा एकाच बाजूला भरलेली.

मी म्हटलं, "होईल." त्या शब्दाची आजही लाज वाटते.

सुरुवातीची फीत पुसत पुसत निघाली. अकरा मिनिटं दुसऱ्या कॅसेटवर उतरवली. पुढचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटले होते. मी जरासं ओढलं. तपकिरी थर सुटून बोटांना लागला आणि हातात नुसतं प्लॅस्टिक राहिलं. चार दिवस नाना उपाय केले, पण पुढचा एक सूर निघाला नाही.

बायको म्हणाली, "सांगून टाका त्याला. लपवून काय व्हनार हाय?"

सांगितलं. तो रागावला नाही. अकरा मिनिटं उभ्यानेच ऐकली. मग शेजारच्या आयएसडी बूथवरून आईला फोन लावला. मी टेपरेकॉर्डर तिथे नेला, त्याने रिसीव्हर स्पीकरला धरला. पियानो मधेच तुटला, तसा रिसीव्हर कानाला लावून तो बराच वेळ ऐकत राहिला. मग काहीतरी पुटपुटून त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"पुढचं लाव म्हणाली. शेवट कसा वाजवला होता, ते तिला आठवत नाही."

"मग?"

"मी सांगितलं, मशीन बंद पडलं. रविवारी ऐकवतो."

माझ्याकडे न बघता तो जीपमध्ये बसला.

रविवारी मी दुपारपर्यंत दुकान उघडं ठेवलं. ऐकवायला काही नव्हतं, तरी ठेवलं. तो आला नाही. महिन्याभराने त्याचा ड्रायव्हर भेटला. म्हणाला, "सायेब गेला परत. आय आजारी हाय त्याची."

अकरा मिनिटांची कॅसेट माझ्याकडेच राहिली होती, आणि पत्ता मी कधी विचारलाच नव्हता.