रोझिनाने मागितलेला कौल

रोझिना गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे छपरावरून तुताऱ्या वाजल्या आणि प्रार्थनाघरात तिचं चरित्र वाचलं गेलं. आमच्यात प्रत्येकाचं वाचतात. पाद्रीबाबा म्हणाले, तिने आपली लेक आनंदाने प्रभूच्या हाती दिली. आनंदाने! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धुण्याच्या दोणीशी मी वर्षानुवर्षं तिच्या शेजारी उभी होते. तो आनंद मी पाहिलाय.

तिकडे युरोपात, मोरावियात, आमच्या पंथाला बंदी होती; आम्ही आमचं बायबल लपूनछपून वाचायचो. जमीनदाराच्या माणसांना सुगावा लागला आणि त्यांनी रोझिनाचा लहानगा यिर्झी उचलून नेला, ‘खऱ्या’ धर्माच्या घरात वाढवायला. तिने शिपायाच्या मनगटाचा लचका तोडला, पण पोर काही परत मिळालं नाही. पुन्हा दिवस गेले तेव्हा ती नवऱ्याला, मातोउशला म्हणाली, हे त्यांच्या हाती लागू द्यायचं नाही. चुलीवर रटरटतं सूप तसंच ठेवून दोघं निघाली. आम्हीही मागोमाग निघालो.

समुद्र ओलांडून अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, आमची वस्ती उभी राहिली. शेत सगळ्यांचं, भटारखाना सगळ्यांचा, माणसं सगळी एकमेकांची भाऊ नाहीतर भगिनी. पोरंही सगळ्यांचीच. अंगावरचं दूध तुटलं की लेकरू बालगृहात जायचं आणि आई कामाला मोकळी व्हायची. रोझिनाला हे आधीच ठाऊक होतं, कबूलही होतं. मग ल्युडमिला मांडीवर आली.

बालगृहाची मुख्य, भगिनी डोरोथेया, वरून खाष्ट पण आतून मऊ. पोरीचं दूध तुटलं तेव्हा ती रोझिनाला हळूच म्हणाली, "पोरीला खोकला आहे असं मी वस्तीच्या वडीलधाऱ्यांना सांगते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेव तुझ्याजवळ, मग बघू."

दुसरी कुणी असती तर गप्प बसून पोर ठेवून घेतली असती. पण रोझिना पडली देवाला विचारल्याशिवाय पाऊल न टाकणारी.

"खोटं बोलून ठेवू होय? ज्याने समुद्रापार आणलं त्यालाच विचारू की. कौल लावा."

"अगं, एकदा कौल लावला की माझ्या हातात काही राहत नाही."

"तो मला नाही म्हणायचा नाही."

आमच्यात लग्नंसुद्धा कौलावर ठरत. पोर आईकडे राहू द्यायची का, म्हणून पेटीत ‘हो’-‘नाही’च्या चिठ्ठ्या टाकल्या, प्रार्थना झाली, एका वडीलधाऱ्याने हात घातला. ‘नाही’ निघालं.

शिपायाला चावलेली ही बाई. तिने स्वतःच्या हाताने पोरीच्या टोपीची लाल फीत बांधली आणि स्वतः नेऊन दिली. आता चावणार कुणाला?

मग तिने धुण्याचं काम मागून घेतलं. बालगृहाचे कपडे आले की ढिगातून ल्युडमिलाचा झगा हुडकायची आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. "बाही वाढवलीय बघ," मला दाखवायची. कधी भेटायला आणली तर पोर आईसमोर अंग चोरून उभी राहायची. झगाच बरा म्हणायचा.

पुढे एकत्र कारभार मोडला. ज्याला त्याला घर मिळालं आणि पोरं आईबापांना परत दिली. ल्युडमिला आठ वर्षांची होती. रोझिनाने सकाळपासून मला हाताशी घेऊन प्लम भरलेले पिठाचे गोळे उकडले, आपल्या बिछान्याला लागून तिचा बिछाना घातला. पोर शिस्तीत जेवली, चमचा पुसून ठेवला, उठून उभी राहिली.

"जेवण छान होतं, भगिनी रोझिना. मला आता घरी कधी सोडाल?"

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. मातोउश लाकडं आणायला म्हणून बाहेर गेला.

"हेच घर, बाळ," रोझिना म्हणाली.

पोरीने मान हलवली. सांगितलेलं ऐकायची तिला सवय होती. रोझिनाच्या म्हातारपणी तिने तिचं सगळं केलं, कशात कसूर नाही ठेवली. ‘आई’ मात्र तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

परवा दफन झाल्यावर तिने माझा हात धरला. डोळे पुसत म्हणाली, "भगिनी रोझिना फार चांगल्या होत्या हो."