काकीच्या हातचं सीतादही

महिला मंडळाच्या पोरी दरवर्षी माझ्याकडे येतात आणि म्हणतात, आजी, सेवेवर दोन शब्द बोला. मी बोलत नाही. एक तर तो माईक तोंडात कोंबल्यासारखा धरतात, आणि दुसरं म्हणजे त्यांना ऐकायचं असतं ते माझ्याकडे नाही. मी कुणासाठी तरी झिजले आणि त्याबद्दल मला काहीच नको होतं, असं मी म्हणावं अशी त्यांची इच्छा. साफ खोटं आहे. मला हवं होतं, पुष्कळ हवं होतं. आणि एका बाईनं भर वावरात, माझ्या तोंडावर, माझी ती सेवाच नको म्हणून सांगितलं होतं. तेवढंच लिहून ठेवते.

राज्य बदललं त्या सालची गोष्ट. आपला वऱ्हाड आता नागपूरकडून मुंबईकडे गेला, असं माझे सासरे चावडीवर ऐकून आले आणि नेहमीसारखे बैलांना पाणी दाखवायला गेले. वाशीम तेव्हा तालुक्याचं गाव होतं. मेडशीच्या सडकेवर दिवसातून एखादी मोटार धुरळा उडवत जायची, आणि आमचं गाव त्या सडकेपासूनही आत. मी अठरा वर्षांची होते, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि पोटात पाचवा महिना.

आमच्या भिंतीला भिंत लागून काकीचं घर. नात्यानं ती माझी कुणी नव्हती, पण सगळं गाव तिला काकी म्हणायचं म्हणून मीही म्हणायचे. मी नवी आले तेव्हा चुलीचा विस्तव राखता यायचा नाही मला. सकाळी राख उकरून पाहावं तर सगळं गार. सासूचा आवाज चढायच्या आत भिंतीवरून गोवरीच्या तुकड्यावर ठेवलेला निखारा पुढे यायचा. पलीकडून शब्द नाही, बांगडीचा आवाज तेवढा. दोन वर्षं तिनं असा विस्तव दिला आणि एकदाही चारचौघींत बोलून दाखवलं नाही. माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला तेव्हा सुईनं तिनंच काढला. वर मला रडूबाई म्हणाली ते वेगळं.

त्या आखाडात काकीचा नवरा गेला. कपाशी पेरून झाली होती, आठच दिवसांत तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. तिच्या बांगड्या फुटल्या आणि गावानं तिच्या घरचा विस्तव घेणं बंद केलं. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही, नुसतं बंद झालं. मी मात्र घेत होते. शौर्य वगैरे काही नाही, माझी चूल अजूनही विझायचीच.

सगळा पावसाळा काकी एकटी वावरात राबली. निंदण तिनं केलं, तासांमधली माती मोकळी करायच्या डवऱ्यासाठी माहेरच्या माणसाला बैल घेऊन बोलावलं, रानडुकरं हाकायला वावरातल्या मचाणावर बसली. दिवाळीच्या पुढेमागे कपाशीची पऱ्हाटी अशी फुटली की धुऱ्याच्या बांधावरून पाहताना डोळे दिपावेत. आणि तिथेच सगळं अडलं.

आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही करतात. पहिल्या तासातल्या, पहिल्या ओळीतल्या पऱ्हाटीखाली पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, चार घास चहूकडे शिंपायचे. हे करायचं घरच्या सवाष्णीनं. तिच्या हातचा दहीभात खाल्ल्याशिवाय वेचणारी एकही बाई कमरेला ओटी बांधत नसे. ओटी म्हणजे कापूस भरायला लुगड्याची केलेली झोळी. आता काकीच्या घरात सवाष्ण कुठून आणायची?

भाऊकीत एकच होती, तिच्या दिराची बायको. दीर एका सकाळी काकीच्या दारात येऊन उभा राहिला. भिंतीच्या अलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"वहिनी, सीतादही आमची घरधनीण करीन. पण मंग कापूस माह्या घरी येईन. पुढच्या सालापासून वावर मीच पाहीन. तुमाले दोन वक्ताचं जेवण कमी पडू देणार नाई."

"आन नाई म्हटलं तं?"

"तं राहू द्या झाडावर. पाहू कोन वेचते."

तो खरं बोलत होता. आठ दिवस गेले, एकही बाई त्या वावरात गेली नाही. कापूस बोंडातून लोंबायला लागला, खाली पडून मातीत मळायला लागला. वर ढगही येऊन जात. त्या कापसावर काकीचं वर्ष होतं, आणि नुसतं वर्षच नव्हे. यंदाचा माल दिराच्या दारात उतरला असता तर पुढच्या साली ती आपल्याच वावरात मोलकरीण झाली असती. सगळ्या बायकांना हे कळत होतं. कळूनही सगळ्या गप्प, याचा मला इतका संताप आला की भाकरी थापता थापता परातीबाहेर पीठ सांडलं.

मी सावड बोलवायला निघाले. सावड म्हणजे मी तुझ्या वावरात एक दिवस, तू माझ्या वावरात एक दिवस, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. घरोघर गेले. एक म्हणाली, सासरा रागावेल. दुसरीनं दाराआडूनच सांगितलं की तिचं अंग दुखतं. तिसरीनं विचारलं, "पन सीतादही कोन करीन?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "मी करीन. मी सवाष्णच हाये ना!" तेव्हा कुठे ती हो म्हणाली. मग ते सांगत सांगत मी आठजणी जमवल्या. मला माझंच कौतुक वाटत होतं. सगळ्या गावाला जे सुचलं नाही ते मला सुचलं होतं.

सासूला कळलं तेव्हा ती धान्य पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "पोटात लेकरू हाये तुह्या. काहून अशा कामात पडून राह्यली तू?"

"आत्याबाई, दोन वर्षं तिच्या विस्तवावर आपला सैपाक झाला," मी म्हटलं. ही गोष्ट सासूला ठाऊक नव्हती. तिनं पुन्हा सूप उचललं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. संध्याकाळी भिंतीवरून मी काकीला एवढंच सांगितलं, उद्या आम्ही वेचायला येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरचं दही घेतलं, भात कालवून डब्यात भरला, त्यावर केळीचं पान झाकलं आणि कुंकवाचा करंडा कमरेला खोचला. लग्नातलं हिरवं लुगडं नेसले. आम्ही सगळ्या वावरात पोचलो तर काकी आमच्या आधी आलेली. पहिल्या तासातली एक पऱ्हाटी तिनं खालून स्वच्छ केली होती, पाच खडे धुऊन मांडले होते, आणि शेजारी तिचं स्वतःचं पातेलं होतं. दहीभाताचं.

मला वाटलं, बिचारीनं मदत म्हणून करून आणला असेल. मी पुढे होऊन म्हटलं, "काकी, तुमी सरका बाजूले. मी करतो." आमच्या बोलीत बायाही करतोच म्हणतात.

ती सरकली नाही. "कायले?"

"म्हंजे? सीतादही कराले. मी सवाष्ण हाये."

"मले पुजेले बाई नाई पायजे," काकी म्हणाली. "मले वेचाले पायजे."

मागे आठजणी धुऱ्यावर उभ्या. सडकेच्या बाजूनं दिराची बैलबंडी येऊन थांबलेली, तमाशा पाहायला. मला भडभडून आलं, आणि ते काही दयेनं नव्हे. रागानं. मी घरोघर फिरले, सासूशी वाद घातला, पोटातलं लेकरू घेऊन इथवर आले, आणि ही बाई मला सरळ नको म्हणते?

मी दबल्या आवाजात म्हटलं, "काकी, हट्ट नका करू. ह्या साऱ्या वापस जातीन."

"जाऊ दे. वावर माह्यं, पेरलं माह्या नवऱ्यानं, निंदलं म्या. आज तुह्या हातानं पूजा केली तं पुढच्या साली कोनाच्या दारात जाऊ सवाष्ण मागाले? तो दीर तं एकच दार दाखवून राह्यला. तू दुसरं दाखवतं. मले कोनाच्या दारात जायचंच नाई."

  दीर जे मोबदला घेऊन करवणार होता ते मी फुकट करायला निघाले होते, फरक तेवढाच. तिचं वावर तिच्या हाताला चालत नाही, हे आम्हा दोघांनाही कबूल होतं.

काकी बसली. पुड्यातलं हळदकुंकू काढून खड्यांना वाहिलं. तिच्या कोऱ्या कपाळाकडे आणि कुंकवानं भरलेल्या बोटांकडे सगळ्या बघत राहिल्या. चहूकडे चार घास शिंपले. मग मुठीत दहीभात घेऊन ती उठली आणि हात पुढे केला. कुणा एकीपुढे नाही, आमच्या सगळ्यांपुढे.

मी घाबरले होते, हे सांगायला हवं. पोटावर हात गेला. लहानपणापासून ऐकलेलं सगळं कानात वाजायला लागलं, रांडमुंड बाईच्या हातचा प्रसाद, पोटुशी बाई, नको ते नको ते. विस्तव घेताना कधी भीती वाटली नव्हती, कारण तो भिंतीआड घेत होते. इथे उजेडात, साऱ्यांच्या समोर घ्यायचं होतं. माझ्या डब्यातला दहीभात मी खाली मातीवर ठेवला आणि काकीच्या हातातला घास तोंडात घातला.

तो खारट होता. एकट्या बाईनं पहाटे घाईत मीठ दोनदा टाकलं असणार. मी गिळला.

कुणी हललं नाही. दिराच्या बंडीतून कुणीतरी हसलं. तेवढ्यात मागून माझ्या सासूचा आवाज आला. ती मला ओढून घरी न्यायला आली होती की आणखी कशाला, हे तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही. बायकांना बाजूला सारत ती पुढे आली, काकीच्या हातचा घास घेतला, चावला आणि म्हणाली, "मीठ जास्त झालं व." आणि पदर खोचून ओटी बांधायला लागली.

मग पाचजणी आल्या. तिघी घरी गेल्या. त्या तिघींची नावं मी विसरलेले नाही, पण लिहिणार नाही.

तीन दिवसांत आम्ही तो कापूस वेचला. तो काकीच्या बैठकीत आढ्यापर्यंत भरला. दिराची बंडी पहिल्याच दिवशी रिकामी वळली होती. काकीनं प्रत्येकीची सावड फेडली. मी म्हटलं, माझे दिवस राहू द्या, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुमान तिला वावराची वाट दाखवली.

फाल्गुनात मला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. तरी दोन वर्षं तिला साधी शिंक आली की गावातलं कुणी ना कुणी दहीभाताची आठवण काढायचं. मी म्हणायचे, हो, खारट होता, म्हणून शिंकते. काकी त्यानंतर एकवीस वर्षं कापूस वेचून मग गेली. प्रत्येक साली सीतादही तिच्याच हातचं. शेवटी शेवटी तर तिच्या हातचा घास घ्यायला पोरी आपण होऊन यायच्या, त्यात त्या तिघींपैकी एकीची सूनही होती.

माझे मालक जाऊन आता नऊ वर्षं झाली. सगळीकडे सोयाबीन झालं तरी मी दोन एकर कपाशी ठेवते, लोक हसतात तरी. ते गेले त्या साली पहिल्या वेचणीला मुलगी वाशीमहून आली. हिरवी साडी नेसलेली, हातात कुंकवाचा करंडा. माझ्या आधी धुऱ्यावर पोचली आणि किती मायेनं म्हणाली, "आई, तू बस. मी करते."

जिचं नाव पोटात असतानाच त्या घासाशी जोडलं गेलं, तीच ही. एवढं सगळं ऐकून वाढलेली, आणि तरी करंडा घेऊन आली. तिला दोष नाही. मीही तशीच आले होते.

"मला पूजेला बाई नको," मी म्हटलं. "वेचायला हवी."

तिचा चेहरा पडला. राग आला तिला, मला दिसलं. मी खाली बसून पाच खडे मांडले, कुंकू वाहिलं, चार घास शिंपले आणि हात पुढे केला. तिनं करंडा पिशवीत ठेवला आणि घास घेतला. दुपारी दोघींनी कापूस मोकळा केला. तिची ओटी माझ्या ओटीहून जड भरली होती.