पडद्यावरच्या मुंग्या

"बघा, दिसतंय का?" रत्नागिरीतल्या आमच्या गच्चीवर टीव्हीची छत्री बसवणाऱ्या माणसाने आज सकाळी वरून विचारलं आणि मला बुरोंडीचं लहानपणीचं घर आठवलं.

बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या वडिलांनी, आप्पांनी, वाडीतला पहिला टीव्ही आणला होता. सगळ्यांना बोलावणं करायला मीच हौसेने घरोघर फिरले होते. घराची ओटी माणसांनी भरून गेली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या! आप्पा कौलांवर चढून अँटेना फिरवत ओरडत होते, "दिसतं काय गो?" आईची मान वर होईना. मला तर कुठे लपू असं झालं होतं.

इतक्यात आप्पांचा पाय सरकला आणि एक कौल अंगणात फुटलं. शेजारच्या काशीकाकू घाबरून ओरडल्या, "दिसतंय हो, झकास दिसतंय! उतरा आता!"

आप्पा घामाघूम होऊन आत आले. त्यांनी पडदा पाहिला, मग माणसं पाहिली. कोणीच हसलं नाही. सगळे त्या मुंग्यांकडे टक लावून बसले होते. काकू सरकून म्हणाल्या, "या, बसा. तुम्हीपण बघा."

तेव्हा मला ती थट्टा वाटली, कान तापले, रडू आलं. आज कळतं, आमची लाज त्या दुपारी सगळ्या वाडीने वाटून घेतली होती.