पुलाच्या पलीकडून आलेला आवाज

आधीच सांगतो, मी सिव्हिल इंजिनिअर. आयुष्यभर लोखंड आणि काँक्रीट बघितलं. भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा टाकायला जायचो... आता रिटायर झालोय, कोणी हसलं तरी चालेल.

साल १९८४. पेन्सिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून दोनेक तासांवर, नदीवरचा हायवेचा जुना पूल — लोखंडी त्रिकोण जोडून उभा केलेला, ट्रस म्हणतात तसा. घोडागाड्यांच्या काळातला. एका पुरात मधला गाळा वाहून गेला, तो पुन्हा घातला. मग मोटारी आल्या, ट्रक आले, वर डांबराचे थरावर थर चढले. बिचाऱ्यावर ओझं वाढतच गेलं. तो तपासायला कंपनीने मला आणि नागपूरच्या देशमुखला पाठवलं होतं.

तपासायचं म्हणजे हातोडीने एकेक सांधा ठोकायचा. आपण माठ वाजवून घेतो ना, तसंच — खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा. नोव्हेंबरची दुपार, बोचरा वारा, कितीतरी दिवस मोटेल आणि ब्रेड. जीव नुसता विटला होता. एक बाजू संपत आली, तेवढ्यात गाड्या थांबवायला झेंडा घेऊन काठावर उभा असलेला देशमुख ओरडला, "अरे यार, पुरे कर आता! दुसरी साइड उद्या करू. मी फ्रीज झालोय."

"एवढे दोन ठोकतो, मग निघू," मी म्हटलं.

ठोकलं — टण्. रस्त्यापलीकडच्या बाजूने उत्तर आलं — टण्. म्हटलं, प्रतिध्वनी. पुढचा सांधा ठोकला. टण्. आणि पलीकडून... बद्द.

प्रतिध्वनी असा बदलत नाही हो. पुन्हा ठोकलं, पुन्हा बद्द. समोर कोणीच नव्हतं. देशमुख तिकडे लांब, झेंडा काखेत मारून हात चोळत होता.

पाय ओढत पलीकडे गेलो. तोच सांधा. गंज खरवडला, तर वजन पेलणाऱ्या पट्टीला ही एवढी भेग! मी किंचाळलोच, "देशमुख, रोड क्लोज कर! कोणालाही सोडू नकोस!"

वळणावरून शाळेची पिवळी बस येत होती. देशमुख तिला आडवा गेला. लांबचा वळसा पडणार म्हणून ड्रायव्हरबाई भडकल्या, मुलांनी खिडकीतून आम्हाला वेडावून दाखवलं, आणि बस वळून गेली. मी तिथेच खाली बसलो आणि ढसाढसा रडलो.

"पलीकडचा आवाज तुलाही आला ना?" मी विचारलं.

"तुझीच हातोडी ऐकू येत होती यार," देशमुख म्हणाला.

पूल पुढे पाडला. वारा, थकवा, कान वाजणं... सगळी कारणं लावून बघितली, एकही बसत नाही. पलीकडून कोण ठोकत होतं, मला माहीत नाही. बसमधली ती मुलं आता पन्नाशीला आली असतील. त्या दिवशी घरी पोचायला उशीर झाला, एवढंच त्यांना आठवत असेल... कदाचित तेही नाही.